‘नाही’ कोण म्हणणार आहे?

वाचकाचं पत्र

‘मी नववीला भाषा शिकवते. पटवून देणारं लेखन हा भाग दरवर्षी मला हरवतो. यंदा सगळ्यांना एकच विषय दिला: शाळा सुटल्यावर ग्रंथालय उघडं ठेवावं. तो तीन जणांना पटवायचा होता, मुख्याध्यापिकांना, ग्रंथपालांना आणि वर्गातल्या मित्राला. ४२ वह्या तपासल्या. तिन्ही पत्रांत मायना वेगळा, शेवट वेगळा, मधला मजकूर जसाच्या तसा. मित्राच्या पत्रातसुद्धा “वाचनाने माणूस प्रगल्भ होतो”! मी म्हटलं, अरे, समोरचा माणूस बघून लिहा. त्यावर एका मुलाने विचारलं, “म्हणजे ज्याला जे आवडतं तेच लिहायचं? मग ही लबाडीच झाली ना?” मला उत्तर सुचलं नाही. त्यात परीक्षेत गुण मिळतात ते साच्याला. मग हा खटाटोप कशासाठी, असंही वाटून जातं. आणि “आजच्या धावपळीच्या युगात” या वाक्याचं मी काय करू?’
एक भाषाशिक्षिका

नमस्कार,

४२ वह्यांतली १२६ पत्रं तपासून झाल्यावर तुम्ही आणखी एक पत्र लिहायला बसलात, याचंच मला आधी कौतुक वाटलं.

सुरुवातीला मुलांची बाजू घेते. तुम्हाला वाटतंय, त्यांना समोरचा माणूस दिसत नाही. मला वाटतं, त्यांना तो चांगला दिसतो. मायन्यात कुणाचंही नाव असो, तिन्ही पत्रं त्यांनी तुम्हालाच लिहिली आहेत. पहिलीपासून त्यांचं लेखन वाचणारी व्यक्ती एकच, लाल पेनवाली. तिला काय रुचतं हे त्यांना पाठ आहे: दोन जड शब्द, एखादं सुवचन, शेवटी नम्र विनंती. ‘वाचाल तर वाचाल’ टाकलं की अर्धा गुण कुठे जात नाही, हे त्यांनी अनुभवाने शोधून काढलंय. वाचक ओळखून लिहिणं म्हणतात ते हेच. तेव्हा ‘समोरचा माणूस बघा’ असं सांगून काही हलणार नाही, कारण समोर बघितलं की तुम्हीच दिसता.

आता माझी फजिती ऐका. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी अशाच एका पत्राला दहापैकी नऊ गुण दिले होते. तेही ग्रंथपालांना लिहिलेलं, तेही ग्रंथालयाच्या वेळेबद्दल. भाषा ओघवती, अक्षर मोत्यासारखं, शुद्धलेखनाची एक चूक नाही. मला ते इतकं आवडलं की मधल्या सुट्टीत मी वही घेऊन थेट आमच्या ग्रंथपालांच्या टेबलाशी गेले. त्यांनी चष्मा लावला, दोन्ही पानं शांतपणे वाचली, वही मिटून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “छान लिहिलंय. पण बाई, मी करायचं काय?”

मी वही पुन्हा उघडली. त्यात वाचनाची महती होती, ग्रंथ हेच गुरू होते, थोरामोठ्यांचे दाखले होते. पण कोणत्या दिवशी, किती वेळ, किल्ली कुणाकडे, यातलं एक अक्षर नव्हतं. बरं, वाचनाची महती सांगत कुणाला होतो? ज्याने उभा जन्म पुस्तकांत काढला त्याला! ते नऊ गुण मी नेमके कशाला दिले होते, ते मला आजही सांगता येणार नाही.

तेव्हापासून ‘तुमचा वाचक कोण’ हा प्रश्न मी वर्गात विचारणं सोडून दिलं. त्या जागी विचारायला लागले, ‘तो नाही का म्हणेल?’ ऐकायला फरक किरकोळ वाटतो. पण पहिल्या प्रश्नाला मुलं पद सांगतात, ‘मुख्याध्यापिका’, आणि पद म्हटलं की ‘महोदया’ आणि ‘आपली आज्ञाधारक’ आपोआप येतात. काम तिथेच संपतं. दुसऱ्या प्रश्नाला पद पुरत नाही. नकाराचं कारण शोधायचं तर त्या बाईंना वर कुणाला उत्तर द्यावं लागतं, त्यांना कशाची धास्ती असते, आधी कुणाला हो म्हणून त्या कशा अडकल्या होत्या, हे सगळं डोक्यात आणावं लागतं.

म्हणून माझा पहिला सल्ला असा की पहिल्या तासाला लिहायचंच नाही. तीन खुर्च्या पुढे मांडा आणि तिघांना बसवा. एक ग्रंथपाल, एक मुख्याध्यापिका, आणि एक तो मुलगा, ज्याचं दप्तर शेवटच्या घंटेच्या पाच मिनिटं आधीच भरलेलं असतं. त्यांना नियम एकच. प्रत्येक मागणीला ‘नाही’ म्हणायचं, पण दर वेळी कारण नवं द्यायचं आणि ते खरं वाटलं पाहिजे. बाकीचा वर्ग विनवण्या करणार. विनवण्या हवेत जाऊ द्या, फळ्यावर फक्त नकाराची कारणं लिहा.

पहिली पाच मिनिटं नुसता हशा होतो. ‘नियमात बसत नाही’, ‘मूड नाही’ अशी फुटकळ कारणं संपली की मात्र गंमत सुरू होते. ग्रंथपाल झालेली मुलगी म्हणते, “दिवसभरात परत आलेली पुस्तकं मी त्याच वेळात जागेवर लावतो. तुम्ही आलात की ती तशीच राहणार.” मग म्हणते, “पान फाटलं तर जाब मलाच.” मग जरा थांबून, “माझी बस असते.” मुख्याध्यापिकांच्या खुर्चीतून येतं, “कुणी धडपडलं तर जबाबदार कोण? शिपाईमामांना कोण थांबवून घेणार? आज तुम्हाला हो म्हटलं की उद्या कॅरमवाले आणि परवा नाटकवाले माझ्या दारात.” तिसऱ्या खुर्चीतला सरळ सांगतो, “सहा तास बसून बूड दुखतंय. तिथे बोलूही देत नाहीत. येऊन करू काय?”

फळा भरला की त्यांना लिहू द्या. ग्रंथपालांना लिहिलेलं पत्र आता साधारण असं उतरतं:

‘सर, शाळा सुटल्यावर तुम्ही परत आलेली पुस्तकं लावत असता. त्या वेळात आम्ही आलो तर तुमचं काम अडेल आणि निघायलाही उशीर होईल. म्हणून रोज नको, फक्त मंगळवारी आणि गुरुवारी, पाऊण तास. त्या दोन दिवशी आमच्यातले दोघं आधी तुमच्याबरोबर पुस्तकं लावतील, मग बसतील. कोण बसलं आणि काय घेतलं याची वही आम्ही ठेवू, म्हणजे काही फाटलं तर कुणाला विचारायचं ते तुम्हाला कळेल. एक महिना करून बघू या. नाही जमलं तर बंद करा, आम्ही पुन्हा मागे लागणार नाही.’

या पत्रात ‘वाचन’ हा शब्द एकदाही आलेला नाही. ‘प्रगल्भ’ तर नाहीच नाही. सुवचनांना कात्री लावा असं मुलांना कुणी सांगितलेलं नसतं. समोरच्याचं ‘माझी बस असते’ कानात असलं की सुवचन लिहिताना आपलं आपल्यालाच ओशाळल्यासारखं होतं. आणि मागणी कशी आकसली बघा. ‘ग्रंथालय उघडं ठेवावं’ वरून ‘दोन दिवस, पाऊण तास, एक महिना’ वर आली. मुलांना वाटतं, वाचक बदलला की फक्त भाषा बदलायची, म्हणजे मोठ्यांशी जड, मित्रांशी सैल. प्रत्यक्षात आधी मागणी बदलते, मग पुरावा बदलतो. भाषेचा सूर त्यांच्या मागून चालत येतो, त्याच्यासाठी वेगळा तास घ्यायची गरज मला तरी क्वचितच पडली.

पुराव्याचं जरा सविस्तर सांगते, कारण वर्गात इथेच सगळ्यात जास्त गाडी घसरते. स्टीफन टूलमिन या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९५८ साली युक्तिवादाची एक मांडणी केली होती, ती मला शिकवताना फार उपयोगी पडली. एक असतो दावा, एक त्याचा आधार, आणि दोन्हींना जोडणारा एक पूल. पूल बहुतेक वेळा कुणी लिहीत नाही, तो वाचकाच्या मनात आधीच आहे असं धरून चाललेलं असतं. समजा मुलांनी मुख्याध्यापिकांना लिहिलं, ‘आम्ही दोन आठवडे मोजलं. शाळा सुटल्यावर रोज वीस ते पंचवीस मुलं व्हॅनची वाट बघत फाटकाशी उभी असतात. ग्रंथालय उघडं असेल तर ती आत बसतील.’ इथला पूल असा की शाळेच्या दारातलं मूल कुणाच्या तरी नजरेखाली असावं. मुख्याध्यापिकांकडे तो पूल पक्का बांधलेला आहे, किंबहुना त्याच काळजीने त्या खिडकीतून चार वेळा डोकावत असतात. तुमचा आकडा त्यावरून सरळ पलीकडे जातो. तोच आकडा मित्रापुढे ठेवा. त्याच्या लेखी फाटकाशी उभं राहणं म्हणजे दिवसातली एकमेव मोकळीक! आकडा खरा आहे, पण त्याच्याकडे पूलच नाही.

आणि हो, मुलांना खरोखरच मोजायला पाठवा. दोन आठवडे, रोज एकाच वेळी, वहीत तारखेसकट. घरबसल्या ‘अनेक विद्यार्थी’ लिहिणाऱ्या मुलाला पहिल्याच दिवशी कळतं की ‘अनेक’ म्हणजे सात होते. मग सात लिहायचं की मागणी बदलायची, यावर जे वाजतं ते ऐकण्यासारखं असतं.

मित्राला पत्र कशाला, चिठ्ठी पुरे. माझ्या वर्गातली एक मला अजून आठवते, शब्द थोडे इकडेतिकडे असतील: ‘गुरुवारी व्हॅन येईपर्यंत उन्हात उभा असतोस ना? आत पंखा आहे. मागच्या टेबलावर हळू बोललेलं चालतं, सरांना विचारलंय. मी असणार आहे. निदान दहा जण आले तरच महिन्यानंतर चालू राहील.’ यात सगळ्यात वजनदार वाक्य कोणतं, असं मी वर्गाला विचारलं होतं. निम्मे म्हणाले पंखा. उरलेले म्हणाले, ‘मी असणार आहे.’ मी दुसऱ्या गटात आहे.

मोठ्यांच्या जगातलं उदाहरण दाखवायचं असेल तर मी १९६३ हे साल घेते. त्या एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग अमेरिकेतल्या बर्मिंगहॅम शहरात तुरुंगात होते. तिथल्या आठ गोऱ्या धर्मगुरूंनी जाहीर निवेदन काढलं की शहरात चाललेली वंशभेदाविरुद्धची निदर्शनं वेळेला धरून नाहीत आणि ती बाहेरचे लोक करताहेत. किंग यांनी तुरुंगातून त्यांना लांबलचक उत्तर लिहिलं. त्याची बांधणी मुलांना जरूर दाखवा. ते समोरच्यांचे आक्षेप एकेक करून उचलतात. तुम्ही म्हणता मी बाहेरचा, तर ऐका मी इथे का आलो. तुम्ही म्हणता थांबा, तर ऐका आम्ही किती थांबलो. तुम्ही म्हणता कायदा मोडता, तर न्याय्य आणि अन्याय्य कायद्यांतला फरक बघा. दाखलेही वाचक बघून निवडलेले: ख्रिस्ती परंपरेतले संत पॉल, ऑगस्टीन, थॉमस अक्वायनस. आठांपैकी एक ज्यू धर्मगुरू होते, आणि पत्रात मार्टिन बूबर हे ज्यू तत्त्वज्ञही येतात. चारच महिन्यांनी, २८ ऑगस्टला, हेच किंग वॉशिंग्टनमध्ये सुमारे अडीच लाख लोकांपुढे उभे राहिले. तिथे आक्षेपांची यादी नाही, कारण समोर जमलेल्यांना आक्षेप नव्हता. त्यांना बळ हवं होतं. म्हणून तिथे एकच ओळ पुन्हा पुन्हा येते, लाटेसारखी. माणूस तोच, मागणी तीच, अंतर फक्त चार महिन्यांचं. दोन्हींतला एकेक परिच्छेद शेजारीशेजारी ठेवून ‘यातला नाही म्हणणारा कुठे बसलाय?’ एवढंच विचारा.

घरचं उदाहरण हवं असेल तर तेही आहे. १८८१ च्या जानेवारीत चिपळूणकर, आगरकर, टिळक या मंडळींनी एकदम दोन वर्तमानपत्रं काढली, मराठीत ‘केसरी’ आणि इंग्रजीत ‘मराठा’. सुरुवातीला ‘केसरी’ आगरकरांकडे होता आणि ‘मराठा’ टिळकांकडे. एकाचा मजकूर दुसऱ्या भाषेत उतरवून भागणार असतं तर दोन संपादक कशाला लागले असते, हा प्रश्न वर्गात टाकून बघा.

तुमच्या पत्रात ‘वेगवेगळे प्रसंग’ हा मुद्दा आलेला नाही, पण तो याच्या अगदी लगत आहे. ॲरिस्टॉटलने ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात भाषणांचे तीन प्रकार केले ते ऐकणाऱ्यावरून. काय घडलं याचा निवाडा करणारे ऐकतात ती न्यायालयातली भाषणं, पुढे काय करायचं हे ठरवणारे ऐकतात ती सभेतली, आणि नुसतं ऐकायला जमलेल्यांपुढची ती गौरवाची किंवा निंदेची. पहिल्याचा रोख मागे, दुसऱ्याचा पुढे, तिसऱ्याचा आत्तावर. नववीतल्या मुलांना हे तीन काळांच्या रूपात झटकन कळतं. आणि मग त्यांची एक मोठी चूक त्यांची त्यांनाच सापडते. मागणी पुढची असते आणि पत्र मागचं! ‘गेल्या वर्षीही आम्ही मागणी केली होती, तिची दखल घेतली गेली नाही’ अशी सुरुवात झाली की मुख्याध्यापिका आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या राहिल्या. पिंजऱ्यातला माणूस आपला बचाव करतो, दुसऱ्याला काही देत नाही. असं वाक्य दिसलं की मी समासात फक्त ‘मागे’ असं लिहायचे. एरवी लांबलचक शेरे लिहून जे साधत नव्हतं, ते या एका शब्दाने साधायचं.

विरोधी बाजू पत्रात आणायची की नाही, हेही मुलं विचारतात. ‘आपणच आपल्या विरुद्ध का बोलायचं?’ त्याला जुनं उत्तर आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मानसशास्त्रज्ञ कार्ल हॉवलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकन सैनिकांवर एक प्रयोग केला. जपानशी युद्ध अजून बराच काळ चालेल, हे पटवणारी दोन रेडिओ भाषणं तयार केली. एकात एकच बाजू, दुसऱ्यात विरुद्ध बाजूचे मुद्देही. १९४९ साली निष्कर्ष पुस्तकरूपात आले. ज्यांचं मत आधीपासून विरुद्ध होतं त्यांच्यावर दोन बाजूंचं भाषण जास्त चाललं, ज्यांना मुळातच पटलेलं होतं त्यांच्यावर एका बाजूचं. म्हणजे ‘नाण्याला दोन बाजू असतात’ हे वाक्य प्रत्येक निबंधात चिकटवायची गरज नाही. ग्रंथपालांच्या पत्रात दुसरी बाजू हवीच. आधीच तयार असलेल्या मैत्रिणीच्या चिठ्ठीत ती आणली तर ती बिचारी नसत्या शंकेत पडेल.

आता तुमच्या वर्गातल्या त्या मुलाकडे येते. खरं सांगायचं तर तुमचं पत्र मी त्याच्यासाठीच निवडलं.

आधी त्याला हे सांगा की तो फार मोठ्या रांगेत उभा आहे. सुमारे २४०० वर्षांपूर्वी प्लेटोने एका संवादात सॉक्रेटिसच्या तोंडून हाच आरोप केला होता: वक्तृत्व ही खुशामत आहे. वैद्य शरीराच्या हिताचं देतो आणि आचारी जिभेला रुचेल ते, तसाच हा वक्ता म्हणजे मनाचा आचारी. तेव्हा मुलाने विचारलं म्हणून त्याला गप्प करू नका, आणि ‘छे, तसं काही नसतं’ असंही म्हणू नका. तसं असतं. रोज दिसतं.

पण मग त्याच्या हातात एक कसोटी द्या. तिन्ही पत्रं फळ्यावर शेजारीशेजारी चिकटवली, आणि ग्रंथपाल, मुख्याध्यापिका आणि मित्र तिघांनी तिन्ही वाचली, तर तुझी मान खाली जाईल का? चिठ्ठीतलं ‘हळू बोललेलं चालतं’ मुख्याध्यापिकांच्या हाती पडलं तर? सरांना खरोखर विचारलं असेल तर काही बिघडत नाही. विचारलं नसेल तर ती लबाडी, मग भाषा कितीही साधी असो. मुख्याध्यापिकांना ‘ग्रंथपाल तयार आहेत’ आणि ग्रंथपालांना ‘मुख्याध्यापिका तयार आहेत’ असं लिहिणारा एक पठ्ठ्या प्रत्येक वर्गात निघतोच. त्याचा कागद या कसोटीला टाकला की वर्गच हसून निकाल देतो.

कसोटीतून निसटणारी एक जागा राहते: खोटं काहीच लिहिलं नाही, पण काहीतरी गाळलं. प्रत्येक पत्रात काहीतरी गाळावं लागतंच, मित्राला कुणी शिपाईमामांच्या वेळेबद्दल लिहीत नाही. मी सांगायचे, जे कळल्यावर वाचकाचा निर्णय फिरला असता ते गाळायचं नाही. त्या दोन दिवशी पुस्तकं लावायला येणाऱ्यांपैकी एक जण दर गुरुवारी क्रीडांगणावर असतो हे माहीत असून लपवलं, तर ग्रंथपालांना फसवलं. पंख्याचा उल्लेख मुख्याध्यापिकांच्या पत्रात केला नाही, तर कुणालाच फसवलं नाही. त्या मुलाला अशा चार-पाच जागा द्या आणि कोणती कुठे पडते ते त्यालाच ठरवू द्या. मला वाटतं, तो वर्गातला सगळ्यात चांगला लेखक निघेल. हा प्रश्न पडणारी मुलं बहुधा निघतात.

आणि एक शक्यता उघडी ठेवा. नकाराची कारणं ऐकता ऐकता एखाद्याला वाटेल की ग्रंथपालांचंच बरोबर आहे. माझ्याकडे एका मुलीने तिसऱ्या मसुद्यात लिहिलं होतं, ‘सर, तुमची अडचण समजल्यावर मी माझी मागणी मागे घेते, फक्त मधल्या सुट्टीत पाच मिनिटं आधी दार उघडाल का?’ मी तिला दहापैकी दहा दिले. या दहांचा हिशोब मात्र मी कधीही देऊ शकते.

काही पथ्यं. विषय लहान घ्या आणि निर्णय घेणारा हाकेच्या अंतरावर असू द्या. ‘विज्ञान: शाप की वरदान’ यात हो किंवा नाही म्हणणारा कुणीच नाही, म्हणून तिथे मुलं हवेत हातवारे करतात. लॉइड बिट्झर या अमेरिकन अभ्यासकाने १९६८ साली फार नेमकं म्हटलंय की असा मजकूर ज्याच्यासाठी असतो तो श्रोता म्हणजे ज्याच्या हातून बदल घडू शकतो तो. बाकीचे नुसते ऐकणारे. तुमचा ग्रंथालयाचा विषय त्या दृष्टीने उत्तम आहे, तो बदलू नका. मात्र मुख्याध्यापिकांनी आधीच नकार पक्का केला असेल तर मुलांना त्यांच्यावर सोडू नका. खोट्या सुनावणीचा वास मुलांना आपल्याआधी येतो.

दुसरं, काही मुलं वाचकाच्या धास्तीने एक ओळही लिहीत नाहीत. लेखन कसं शिकवावं याचे अमेरिकन अभ्यासक पीटर एल्बो यांनी १९८७ साली एका लेखात असं मांडलं की लिहिताना वाचकाकडे पाठ फिरवणंही कधीकधी हिताचं असतं, निदान पहिल्या मसुद्यात. अशा मुलांना आधी वाट्टेल ते, वाट्टेल तसं लिहू द्या. खुर्चीतला माणूस दुसऱ्या मसुद्याला बोलवा.

आता परीक्षा. साच्याशी भांडू नका, त्याला एक तास द्या. तारीख कुठे, पत्ता कुठे, विषय कसा लिहायचा, सही कुठे, हे पाढ्यासारखं पाठ करून घ्या आणि मोकळ्या व्हा. साच्याच्या पोटात जे लिहायचं त्याला साचा आडवा येत नाही. तपासनीसही माणूस आहे. एकाच मजकुराचा गठ्ठा उपसताना ‘मंगळवारी आणि गुरुवारी, पाऊण तास’ अशी ओळ आली तर तो दचकून जागा होईल.

गुणांबद्दल माझा आग्रह एकच. पहिल्या मसुद्याला गुण देऊ नका आणि पहिला शेरा तुमचा नसू दे. पत्र ज्याला लिहिलंय त्यालाच वाचायला द्या. ग्रंथपालांना ४२ पत्रं देऊ नका, ते बस सोडून पळतील. वर्गाने निवडलेली पाच द्या. प्रत्येकाखाली त्यांनी तीनांपैकी एक लिहायचं: ‘हो’, ‘नाही’ किंवा ‘अजून सांगा’, आणि कारणाची एक ओळ. ती ओळ वाचून मुलं जो मसुदा लिहितील त्याला गुण द्या. ‘अजून सांगा’ आलेली मुलं सगळ्यात जोमाने लिहितात, असं मला दर वर्षी दिसायचं.

तुमची,
सल्लागार

ता. क. ‘आजच्या धावपळीच्या युगात’ हे वाक्य खोडू नका. खोडलं की ‘सध्याच्या स्पर्धेच्या काळात’ उगवतं. त्या वाक्याशेजारी, समासात, ते कुणाला सांगतोय त्याचं नाव मुलाला पेन्सिलीने लिहायला लावा. ‘ग्रंथपाल सर’ लिहून झालं की त्याला एवढंच विचारा: सरांना हे माहीत नव्हतं का? पुढचं खोडरबर तो स्वतःच काढतो.